रेषेपर्यंत पाणी

४ जून

ताई,

हे पत्र दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीत, स्टुलावर बसून लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. मधेच कुणाच्या डोळ्यांत थेंब घालायची हाक आली तर ओळ तिथेच तुटेल.

बातमी आधी सांगते. मला जागा मिळाली! संध्याकाळचा दृष्टितपासणीचा वर्ग, आठवड्यातून चार दिवस, साडेपाच ते साडेआठ, दीड वर्ष. वीस जणींच्या यादीत माझा नंबर अठरावा. बाकीच्या माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. असू देत. बारा वर्षं मी लोकांना तक्त्यासमोर बसवते, एका डोळ्यावर झापड धरते, घाबरलेल्यांचा हात धरते. आणि नंबर काढायची वेळ आली की बाजूला होते, कारण ते काम शिकलेल्या माणसाचं. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझा हात स्थिर आहे आणि तुला माणसाशी बोलता येतं. या दोन गोष्टी शिकवता येत नाहीत. बाकीच्या येतात, तेवढ्या शिकून ये. मग नंबर काढायची खुर्ची तुझी." ताई, त्या खुर्चीवरची धूळ मी रोज पुसते. तिच्यावर कधी बसले नाही.

प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख तीस जून.

आता अडचण ऐक. अडचण म्हणजे भात. हसू नकोस. नानांचे सगळे दात गेल्या वर्षी काढले. कवळी घातली की "लगाम घातल्यासारखं वाटतं" म्हणतात, त्यामुळे ती पेल्यात पडून असते. संध्याकाळी सात वाजता त्यांना मऊ भात आणि डाळ लागते, त्यावर लगेच गोळी. गोळीची वेळ ठरलेली, सातचे आठ झालेले चालत नाहीत. लेक वसतिगृहात गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. हे साडेसहाला येतात, पण ह्यांना गॅस पेटवायचा म्हटलं की हात लांब आणि तोंड त्याहून लांब. डाळ मी दुपारी करून ठेवीन. सकाळचा भात मात्र संध्याकाळी नानांच्या हिरड्यांना टोचतो.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "शिकू नकोस असं मी म्हणालो का? सात वाजता नानांच्या ताटात मऊ भात कुठून येणार, एवढंच विचारतोय."

"इलेक्ट्रिक कुकरमधून."

"तो मऊ शिजवतो याला पुरावा?"

"वापरून बघू."

"ठीक आहे. आठ दिवस चाचणी घेऊ. मी नोंद ठेवतो."

दुकानांचे वजनकाटे तपासून तपासून हे घरातही तपासनीसच झालेत. पण बरोबर आहे ना गं? म्हाताऱ्या सासऱ्यांना उपाशी ठेवून मी कुणाचे डोळे तपासू? चाचणी पार पडली तर जाईन. नाही पडली तर नाही.

मला यातलं काही कळत नाही. केवढा घ्यावा, आतलं भांडं कसलं असावं, बटणांचा घ्यावा की साधा? तू बघून कळव.

तुझी
ठकू

११ जून

ठकू,

अठरावी असलीस तरी मला पहिलीच. आधी पाठीवर शाबासकी घे, मग बोलणी खा.

बाईने शिकावं की नाही याचा निकाल भाताने लावायचा, हे वाचून माझं रक्त खवळलं. आमच्या शिवणकारखान्यात साडेतीनशे बाया आहेत. परवाच्या गेटसभेत मी त्यांना विचारलं, "तुमच्यातल्या कितीजणी पुढे शिकणार होत्या?" निम्मे हात वर आले. "मग का नाही शिकलात?" कुणी म्हणाली नाही की डोकं नव्हतं. म्हणाल्या, घरी स्वयंपाकाला कुणी नव्हतं. ठकू, जगात जेवढी पुस्तकं लिहिली गेली त्याच्या कितीतरी पट पुस्तकं चुलीपुढे बसून न लिहिता राहिली असतील. म्हणून जे यंत्र बाईला चुलीपुढून उठवतं ते मला तोफेपेक्षा मोठं वाटतं. तोफेने राज्यं गेली आणि आली. बाई तिथेच बसून राहिली.

बरं, भाषण पुरे. घसा आधीच बसलाय.

काल दुकानात गेले. दुकानदाराने सोळा बटणांचा कुकर पुढे सरकवला. "यात केकसुद्धा होतो, ताई."

"तुम्ही केलाय?"

"मी? छे! घरी ही बघते सगळं."

"मग त्यांनाच बोलवा. जिने वापरलाय तिच्याशीच मी बोलेन."

तो वरमला, पण बोलावलं. हिशेबाच्या टेबलामागून त्याची बायको आली, माझी सगळी हकीकत ऐकली आणि एकच खटका असलेला साधा कुकर काढून म्हणाली, "हा न्या. पुरुषमाणसाला सोळा बटणं दाखवली की तो सोळा शंका काढतो." त्या बाईला आमच्या संघटनेत ओढायचा माझा विचार आहे.

तर तोच पाठवते आहे. एक लिटरचा. तिघांना पुरे, मोठ्यात थोडा तांदूळ पसरला की तळाला धरतो. आतल्या भांड्याला लेप आहे, त्याला स्टीलचा चमचा लावशील तर माझ्याशी गाठ आहे; सोबत प्लॅस्टिकचा आहे तो वापर. भांडं बाहेरून कोरडं पुसून मगच आत ठेव. खटका खाली दाबला की शिजायला लागतं, झालं की आपोआप वर येतो आणि भात गरम राहतो. खटका वर आल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नकोस, वाफेला तिचं काम करू दे. पाच वाजता लाव, सव्वापाचला घराबाहेर पड, सात वाजता काटेमास्तरांनी फक्त झाकण उघडायचं. तेवढं तर त्या थोर पुरुषाला जमेल?

आणि मुख्य गोष्ट. भांड्यात आतल्या बाजूला रेषा आहेत. दोन माप तांदूळ, दोनच्या रेषेपर्यंत पाणी. संपलं. ते बोट बुडवून बघणं बंद! आपल्या आईने आयुष्यभर बोट बुडवलं, तू बुडवतेस. अंदाज ही बाईच्या गळ्यातली दोरी आहे, कारण अंदाज तिच्याच बोटात असतो आणि म्हणून तिलाच तिथे उभं राहावं लागतं. रेषा कुणालाही वाचता येते. रेषेवर विश्वास ठेव. बोट घातलंस तर चाचणी रद्द, असं मी इथून जाहीर करते.

तुझी
ताई

१७ जून

ताई,

खोकं काल आलं. किती सुबक आहे गं! ओट्यावर ठेवलं आणि मी दोनदा उगीचच खटका खालीवर केला. नाना बाहेरून ओरडले, "सूनबाई, बंदूक आणलीस की काय?"

पण आल्या आल्या जप्ती झाली. हे कचेरीतून आले, हातपाय न धुता खोक्यातलं माहितीपत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग खोक्यातला तो छोटा पारदर्शक कप उचलून उजेडात धरला. खाली बघितलं, वर बघितलं.

"याच्यावर शिक्का कुठाय?"

"अहो, तो तांदूळ मोजायचा कप आहे."

"मोजायचा आहे ना? मग तो माप झाला. माप म्हटलं की शिक्का हवा."

कपाटातून आपली काचेची नळी काढली, कपात पाणी भरून नळीत ओतलं आणि खाली वाकून एक डोळा मिटून वाचलं. "एकशेऐंशी मिलिलिटर! पाव लिटरलाही सत्तर कमी. बघ, कपाच्या नावाखाली सरळ सत्तर मिलिलिटर मारलेत. असा काटा मारणारे दुकानदार मी रोज पकडतो आणि हा माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसलाय!"

मी म्हटलं, "कुणाला विकायचंय थोडंच? आपलेच तांदूळ, आपलंच पोट."

"चोरी आपल्याच घरात केली म्हणून ती चोरी नाही का?"

हे तेवढ्यावर थांबले नाहीत. कप कागदात गुंडाळला, दोरी बांधली, लाखेचा ठिपका लावला आणि टेबलाच्या खणात कुलूपबंद केला. त्याच्याऐवजी मला ह्यांनी पाव लिटरचं पितळी माप दिलं, शिक्क्याचं, चकचकीत घासलेलं. "खऱ्या मापाने घे, मग चाचणी खरी होईल." देताना चेहरा असा, जणू दागिनाच देतायत. ह्यांच्या परीने तो दागिनाच असावा.

उद्यापासून चाचणी. दोन माप, दोनच्या रेषेपर्यंत पाणी. बोट घालणार नाही, तुझी शपथ.

ठकू

२२ जून

ताई,

जास्त लिहीत नाही.

भात कडक होतो. पहिल्या दिवशी वाटलं, पहिलाच दिवस आहे. दुसऱ्या दिवशी तांदूळ अर्धा तास भिजवून घातला, थोडा बरा, पण दाण्याच्या मधे कणी राहिलीच. तिसऱ्या दिवशी झाकण पाऊण तास उघडलं नाही. चौथ्या दिवशी परत तेच. भात निघतो मात्र भरपूर, उरलेला मी डब्यात नेते, चावून चावून जबडा दुखतो. दोन माप काटोकाट सपाट करून घेते, पाणी रेषेला टेकलेलं. चाचणीसाठी हे रोज कचेरीतून लवकर येतात, रेषा बघायला स्वतः वाकतात. कुठे चुकतं कळत नाही.

नाना तक्रार करत नाहीत, त्याचंच वाईट वाटतं. "छान आहे गं, जरा जोरदार आहे एवढंच," म्हणतात. काल ताट उचलायला गेले तर कडेला, वाटीच्या आडोशाला, तोंडातून काढलेले दाणे नीट गोळा करून ठेवले होते. मला दिसू नयेत म्हणून वर पावाचा तुकडा ठेवला होता. पाव डाळीत बुडवून खाल्ला आणि गोळी घेतली.

ह्यांची वही टेबलावर उघडीच असते. "दिवस चौथा. खटका वर आला पाच वाजून एकवीस मिनिटांनी. दाणा कडक. निष्कर्ष: यंत्र सदोष." मला तोंडाने काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मी ठरवलंय. सोमवारी वर्गाच्या संस्थेत जाऊन नाही म्हणून सांगणार. यादीबाहेरची एकविसावी मुलगी वाट बघत असेल, तिचं तरी भलं होईल. तू रागावू नकोस. कुकर चांगलाच असेल, आमच्या घराला मानवला नाही.

आज दवाखान्यात एका आजोबांना तक्त्यासमोर बसवलं. त्यांनी विचारलं, "नंबर तूच काढणार ना?" मी म्हटलं, नाही.

ठकू

२४ जून

भाऊजी,

तुम्हाला मी पत्र लिहीत नाही. आज लिहिते आहे, तेव्हा उभं राहून वाचलंत तरी चालेल.

एक लिटरचा कुकर, एकच खटका, जगातल्या लक्षावधी घरांत रोज भात शिजवतो आणि तुमच्याच घरात तो चार दिवस कडक शिजवतो. माझ्या वयाची बाई यावर काय समजेल? माझा संशय सरळ सांगते: तुम्ही मधेच प्लग काढता. कारखान्यात मालकाला नवं यंत्र नको असलं की ते कसं बिघडतं, हे मी तीस वर्षं बघितलं आहे. कुणी हातोडा मारत नाही. एक छोटा स्क्रू सैल होतो आणि वहीत नोंद होते: "यंत्र सदोष."

ज्या घरात आल्याबरोबर तांदळाच्या कपाला अटक होते, त्या घरात बाईचं काय होत असेल? तुम्ही आयुष्यभर दुकानदारांची मापं तपासलीत. माझ्या बहिणीने तुमच्या घरात वीस वर्षं रोज दोन्ही वेळा उभं राहून जे घातलं, ते तोलायला तुमच्याकडे काटा आहे? नसेल तर आधी तो आणा आणि मग माझ्या कुकरला नावं ठेवा.

ती तुमच्याकडे परवानगी मागत नाही. मागायची गरजही नाही. ती तुमच्या वडिलांच्या ताटाकडे बघून थांबली आहे. तुमच्या वडिलांच्या! त्या ताटात सात वाजता मऊ भात वाढणं हे आधी मुलाचं काम आहे, मग सुनेचं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते, आणि हे वाक्य मी चारशे माणसांच्या सभेतही सांगेन.

ठकूची ताई

२८ जून

ताई,

आपलं पत्र शुक्रवारी मिळालं. आपण उभं राहून वाचायला सांगितलं होतं, त्याप्रमाणेच वाचलं गेलं. नानांनी विचारलं कुणाचं पत्र, मी म्हटलं ताईंचं, ते म्हणाले वाच. त्यांना कमी ऐकू येतं हे आपण जाणता. त्यामुळे "तुम्ही मधेच प्लग काढता" हे मला स्वतःविषयी तीनदा, चढत्या आवाजात वाचावं लागलं. समोरच्या घरातली दोन माणसं काळजीने दारात येऊन उभी राहिली.

प्लग मी काढला नाही. एवढं एकच वाक्य माझ्या बाजूने लिहितो. बाकीचं पत्र माझ्या बाजूचं नाही.

वाचून झाल्यावर मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं ही आपली बाजू घेईल, किंवा माझी. हिने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. वीस वर्षांत मी हिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. "ती तिकडून भाषण ठोकते, तुम्ही इकडे वही भरता! एक म्हणते बोट घालायचं नाही, दुसरा म्हणतो माझंच माप घ्यायचं. आणि आजवर भात कुणी शिजवला? तुमच्या दोघांपैकी एकाने तरी विचारलं का, ठकू, तुला काय वाटतं?"

नाना म्हणाले, "काय म्हणाली?" मला तेही मोठ्याने सांगावं लागलं.

मग हिने माझ्या मापाने दोन माप तांदूळ घेतले, धुतले, भांड्यात घातले, पाणी ओतलं आणि बोट बुडवलं. तांदळावर एक पेर. मी बघितलं, पाणी रेषेच्या बरंच वर गेलं होतं. मी म्हटलं, "रेषा ओलांडलीस." ही म्हणाली, "गप्प बसा." खटका दाबला. भात झाला. मऊ. नानांनी दोनदा घेतला.

मी म्हटलं, "म्हणजे रेषा खोटी आहे."

ही म्हणाली, "रेषा खोटी, की तुमचं माप? दवाखान्यात डॉक्टरीणबाई एका वेळी एकच भिंग बदलतात. दोन बदलली तर काय चुकलं ते कळत नाही. तुम्ही रेषा कंपनीची ठेवलीत आणि कप मात्र बदललात. तो कप काढा बाहेर."

ताई, मी स्वतः लावलेली लाख मी आजवर स्वतः तोडली नव्हती. शुक्रवारी तोडली. शनिवारी संध्याकाळी त्या एकशेऐंशीच्या कपाने दोन माप तांदूळ घेतले, दोनच्या रेषेपर्यंत पाणी घातलं, बोट न घालता. भात मऊ झाला. पाणी रेषेला टेकल्यावर, झाकण लावण्याआधी, हिने नुसतं खात्रीसाठी बोट बुडवून बघितलं होतं. बरोबर एक पेर.

माझी चूक अशी. रेषा त्या कपासाठी आखलेल्या होत्या. कप आणि भांडं ही एक जोडी होती. मी जोडीतला एक नग खोटा ठरवून कुलपात टाकला, तिथे माझा मोठा नग आणून बसवला आणि दुसऱ्या नगाला सदोष ठरवलं. तांदूळ जवळजवळ दीडपट पडत होता आणि पाणी मात्र आखल्याइतकंच. नवीन उमेदवाराने ही चूक केली असती तर मी त्याला परत परीक्षेला बसवला असता. वहीत मी आज लिहिलं: "यंत्र निर्दोष. तपासनीस सदोष." खाली सही केली.

आणखी एक नोंद. कप जप्त करताना मला खरंच वाटलं होतं की मी घराचं रक्षण करतोय. नाना दाणे वाटीमागे लपवत होते हे मला चार दिवस दिसलं नाही. मी रेषा बघत होतो.

आज सकाळी ही संस्थेत जाऊन प्रवेश पक्का करून आली. मी विचारलं, सोबत येऊ का. म्हणाली, "तुम्ही तांदूळ धुवायला शिका. एवढं पाणी उडवून कुणी धुतं का?" सध्या ते शिकतो आहे. वडिलांच्या ताटाबद्दल आपण लिहिलं ते चारशे माणसांत सांगायची गरज नाही. एका माणसाला पोचलं आहे.

आपला
भाऊजी

३ जुलै

भाऊजी,

कारखान्याच्या व्यवस्थापकाने सात वर्षं माझ्याकडे माफीची मागणी केली होती. त्याला ती मिळाली नाही. तुम्हाला न मागता देते. प्लगचं मी लिहायला नको होतं. माणसाचा विचार केला नाही, घराचा विचार केला नाही, कारखान्यातला जुना राग उचलला आणि तुमच्या दारात ओतला.

आणि अर्धी चूक माझीच आहे. "बोट घालायचं नाही" हा हुकूम मी इथून सोडला. ते बोट पहिल्याच दिवशी खरं सांगणार होतं आणि त्याला गप्प बसवलं ते त्याच्याच बाजूने लढायला निघालेल्या मी. गेल्या सभेत मी हे सांगितलं. बाया इतक्या हसल्या की मला पुढचं भाषण करता आलं नाही. एकीने मागून ओरडून विचारलं, "ताई, आता आमच्यापैकी कुणाला गप्प बसवताय ते सांगा!" तिला मी पुढच्या सभेत बोलायला उभी करणार आहे.

ठकूला सांगा, अंदाजाविषयी मी जे लिहिलं होतं ते मागे घेतलं. सगळं नाही. थोडं.

ताई

१९ ऑगस्ट

ताई,

वर्ग सुरू होऊन सात आठवडे झाले. पत्र नाही म्हणून तू फुगली असशील. दिवस कुठून उगवतो आणि कुठे मावळतो कळत नाही. आधी घरचं सांगते, नाहीतर तू वाचणार नाहीस.

पहिल्याच आठवड्यात मला निघायला उशीर होत होता, म्हणून खटका दाबायचं ह्यांच्यावर सोपवलं. हे म्हणे अर्धी रजा काढून पाच वाजता हजर! तांदूळ धुतला, पाणी घातलं, प्लग लावला, दिवा लागला, हे खूश. खटका दाबलाच नाही. नुसता गरम ठेवायचा दिवा लागला होता. सात वाजता झाकण उघडलं तर कोमट पाण्यात तांदूळ पोहतायत. नाना म्हणाले, "हा भात आहे की तळं?" त्या दिवशी पाव. पण दुसऱ्या दिवशी खटक्याजवळ ह्यांनी कागदाची चिठ्ठी चिकटवली: "दाबला का?" तेव्हापासून चुकलं नाही. आता डाळही करतात. पातळ होते, पण करतात. मंगळवारी पहिल्यांदा नानांना म्हणाले, "आज तिखट जास्त झालं का?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. वर्ग लवकर सुटला होता, मी दारातच चपला काढत होते. हे असे वाट बघताना मी कधी पाहिले नव्हते, ताई.

वर्गात मी सगळ्यांत मोठी. मुली मला "काकू" म्हणतात आणि गणित अडलं की मला हसतात, आणि पेशंट घाबरला की माझ्याकडे पाठवतात. पहिल्या चाचणी परीक्षेत भिंगांच्या गणितात मी नापास झाले. पाच गुणांनी. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मग ह्यांना सांगितलं. वाटलं, आता वही निघणार. वही काढली नाही. म्हणाले, "दाखव कुठे अडलं," आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर गुणाकार करत बसलो. फेरपरीक्षा गेल्या सोमवारी झाली. पास झाले. काठावर नाही, चांगली वर.

आता काम सांगते. प्रत्येकीने शिक्षिकेच्या देखरेखीखाली वीस माणसांचे डोळे तपासायचे आहेत. तक्ता, भिंगं, नंबर, सगळं आपण करायचं. पहिले माझ्यासमोर नाना बसले, आमच्याच दवाखान्यात; शिक्षिका तिथे आल्या होत्या. म्हणाले, "सूनबाई, खालची ओळ वाचली तर बक्षीस काय?" डॉक्टरीणबाईंच्या नंबरशी माझा नंबर जुळला. एका डोळ्याचा अगदी तंतोतंत. ताई, मी त्या खुर्चीवर बसले होते. पाय जमिनीला टेकत होते की नाही, आठवत नाही.

माझे आतापर्यंत अकरा झाले. नऊ हवे आहेत. ये ना. कामावर एक दिवसाची रजा टाक. संस्थेची खोली छोटी आहे, खिडकीवर काळा कागद लावलाय, खुर्ची जरा डुगडुगते. मी तुझ्या नाकावर चष्म्याची चौकट ठेवीन आणि एकेक भिंग बदलत विचारीन, आधीचं बरं की हे. तुला फक्त खरं सांगायचंय.

तुझी
ठकू

२३ ऑगस्ट

ठकू,

गुरुवारी येते. रजा मिळाली आहे. मिळाली नसती तरी आले असते.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. सभेत मी हातात कागद धरते ना, तो गेली दोन वर्षं नुसता धरलेलाच असतो. अक्षरं पसरतात. रात्री वाचनालयाचं पुस्तक उघडते आणि दहा पानांनी मिटते. बायांना वाटतं ताईंना सगळं तोंडपाठ आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं. दवाखान्यात जायला वेळ नाही असं म्हणत आले. खरं म्हणजे भीती वाटत होती. अनोळखी माणसासमोर बसून "दिसत नाही" म्हणायला मला जमलं नसतं.

तुझ्यासमोर जमेल. तू झापड धरशील तो डोळा मी मिटून घेईन. तू दाखवशील ती ओळ वाचीन, दिसलं नाही तर दिसत नाही म्हणेन आणि मधे एक शब्दही बोलणार नाही. विचारायचं ते तू विचार. मला बारावी धर.

ताई